कुळागरातल्या पानभुंगेऱ्यांचे ऋतू

फळबागेत कोणत्या महिन्यात किती प्रकारचे पानभुंगेरे असतात, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः एका वाक्यात दिले जाते: पावसाळ्यात जास्त, उन्हाळ्यात कमी. हे उत्तर खोटे नाही. पण गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या कुळागरात, म्हणजे पाटाच्या पाण्यावरच्या मिश्र बागेत, आणि त्याला लागून असलेल्या काजूच्या डोंगरीवर गेले काही हंगाम लक्ष ठेवल्यानंतर ते मला फार अपुरे वाटू लागले आहे. पानभुंगेरा कोवळ्या पानाच्या मागे असतो, आणि बागेतल्या प्रत्येक झाडाला, वेलीला व तणाला पालवी फुटण्याची वेळ वेगळी असते. म्हणून भुंगेऱ्याची नोंद करताना तारखेइतकेच, किंबहुना तारखेहून अधिक, तो ज्या पानावर सापडला त्या झाडाचे नाव महत्त्वाचे असते, असे माझे मत झाले आहे. या लेखात त्याच अंगाने बागेचे वर्ष मांडण्याचा प्रयत्न करतो.

पानभुंगेऱ्यांचे कुळ क्रायसोमेलिडी या नावाने ओळखले जाते. जगभरात या कुळातल्या ३५,००० हून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे, आणि भुंगेऱ्यांच्या सर्वांत मोठ्या कुळांपैकी ते एक आहे. बहुतेक जाती प्रौढावस्थेत पाने खातात. अळ्या मात्र काही गटांत पानांवर, काही गटांत मुळांवर, तर काहींत पानाच्या दोन थरांमध्ये बोगदा करून जगतात. या कुळाचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य म्हणजे खाण्याच्या बाबतीतला त्यांचा चोखंदळपणा. अनेक जाती एकाच वनस्पतीवर किंवा एकमेकींच्या नात्यातल्या मोजक्या वनस्पतींवरच वाढतात, आणि ते झाड नसेल तर शेजारच्या हिरव्यागार पानांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. या चोखंदळपणामुळेच बागेतल्या वनस्पतींची विविधता आणि पानभुंगेऱ्यांची विविधता यांचा संबंध इतका जवळचा असतो.

कुळागर म्हणजे एकाच पिकाची ओळीने लावलेली बाग नव्हे, हे गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगणे आवश्यक आहे. वर माड आणि पोफळी, पोफळीवर चढलेली मिरवेल, मध्ये फणस, आंबा, भिरंड (कोकम), जायफळ, खाली केळी, अननस, अळू आणि हळद, कडेला आंबाड्याचे एखादे जुने झाड, कुंपणावर करांद्याच्या (एक कंदवेल) आणि रानवेलींच्या जाळ्या, आणि या सर्वांमधून झरीचे पाणी नेणारे पाट, अशी ही रचना असते. सावईवेरे, प्रियोळ, केरी या भागात अशी कुळागरे पिढ्यान् पिढ्या राखलेली आहेत. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला ९० टक्क्यांच्या आसपास जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला, असे इथले हवामान आहे. मात्र झरीच्या पाण्यामुळे कुळागराच्या तळाशी मे महिन्यातही ओलावा टिकतो, तर त्याच वेळी वरची काजूची डोंगरी पूर्ण कोरडी पडलेली असते. एकाच मालकाच्या एकाच जमिनीत दोन वेगळे ऋतू एकाच वेळी चालू असतात, आणि दोन्हींची नोंद एकत्र करून सरासरी काढली तर त्या सरासरीला काही अर्थ उरत नाही.

पाहणीची पद्धत साधी आहे. फांदीखाली पांढरे कापड किंवा उघडी छत्री उलटी धरायची आणि फांदीला काठीने दोन-तीन हलके फटके द्यायचे. दचकलेले भुंगेरे पाय आखडून खाली पडतात. गवतात आणि तणात हातजाळी फिरवायची. वेलींवर मात्र दोन्ही उपायांपेक्षा डोळे अधिक उपयोगी पडतात, कारण पानावरचे भोक, कडेची कुरतड किंवा पानाच्या मागच्या बाजूची खरवड पाहून भुंगेरा दिसण्याआधीच त्याचा पत्ता लागतो. बहुतेक पानभुंगेरे दिवसा वावरणारे असल्यामुळे सकाळी दव ओसरल्यानंतरचा वेळ सर्वांत चांगला. केवळ प्रकाशसापळ्यावर विसंबून केलेली मोजणी या कुळाला न्याय देत नाही.

इथे एक ओळख पक्की करून घेणे फार गरजेचे आहे. गोलसर, चकचकीत, ठिपक्यांचा कोणताही भुंगेरा दिसला की त्याला पानभुंगेरा ठरवले जाते, आणि त्यात मावा खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) नाहक मारले जातात. ढालकिड्याच्या मिशा आखूड आणि टोकाला गाठीसारख्या जाड असतात. पानभुंगेऱ्याच्या मिशा बहुधा लांब आणि धाग्यासारख्या असतात. भिंगाखाली पाहिले तर ढालकिड्याच्या पावलाचे तीन, तर पानभुंगेऱ्याच्या पावलाचे चार खंड दिसतात. खरे तर पानभुंगेऱ्याच्या पावलाला पाच खंड असतात, पण चौथा इतका लहान आणि तिसऱ्यात लपलेला असतो की तो सहसा मोजण्यात येत नाही. उलट बाजूने, वांग्याच्या पानांची जाळी करणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेरा पाने खातो खरा, पण तो ढालकिड्यांच्या कुळातला आहे. त्यामुळे पानभुंगेऱ्यांच्या यादीत त्याला जागा नाही. तसेच आंब्याची कोवळी पाने देठाजवळ कात्रीने कापल्यासारखी खाली पडलेली दिसतात, ते काम एका सोंडकिड्याचे असते, आणि तोही या कुळाबाहेरचा आहे.

आता वर्षाकडे वळू. मिरगाचा पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले की परसात लावलेल्या तवशाच्या (काकडीच्या), दोडक्याच्या आणि दुधीच्या बिया दोन पानांवर येतात, आणि त्याच वेळी ऑलॅकोफोरा फोव्हिकोलिस हा तांबडा भुंगेरा हजर होतो. नारिंगी-तांबड्या रंगाचा हा किडा काकडीवर्गीय वेलींच्या बीजदलांवरच तुटून पडतो, आणि रोप लहान असेल तर एका सकाळीत ते संपवू शकतो. त्याच्या अळ्या मातीत राहून मुळे पोखरतात, आणि जमिनीला टेकलेल्या फळातही शिरतात. आमच्या घरी आई अजूनही सकाळी पाने ओलसर असताना रोपांवर चुलीतली राख भुरभुरते. पाऊस जोराचा आला की राख धुऊन जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकावी लागते. जुलैच्या अखेरीस तिसवाडीतल्या तळावलीच्या सांत आना चर्चमध्ये तवशांचे फेस्त, म्हणजे उत्सव, भरते, तोवर वेली चांगल्या पसरलेल्या असतात आणि चार पाने गेली तरी वेलीचे काही बिघडत नाही. भुंगेरे तेव्हाही असतातच. नुकसानीची वेळ मात्र टळलेली असते. संख्या आणि नुकसान या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या एका किड्यावरून पुरेसे स्पष्ट होते.

पावसाळ्यातला माझ्या मते सर्वांत पाहण्यासारखा पानभुंगेरा आंबाड्यावर असतो. पोडोन्शिया वंशातली ही जात आकाराने मोठी असून तिच्या पिवळसर-तांबूस पाठीवर काळे चौदा ठिपके असतात, आणि तिच्या शास्त्रीय नावातही हीच संख्या आहे. ती उड्या मारणाऱ्या पिसूभुंगेऱ्यांच्या गटातली आहे. या गटातले बहुतेक किडे तिळाएवढे असल्यामुळे हा धिप्पाड किडा त्यांचा नातेवाईक आहे हे प्रथम खरे वाटत नाही. मादी पानांवर पुंजक्याने अंडी घालते. अळ्या पिवळट आणि मऊ असतात, पण त्या अंगावर स्वतःच्याच विष्ठेचा ओला थर वागवतात, त्यामुळे पानावर चिखलाचे थेंब पडल्यासारखे दिसते आणि पक्ष्यांचे व परभक्षी किड्यांचे लक्ष त्यांच्यावरून उडते. पूर्ण वाढलेल्या अळ्या खाली उतरून मातीत कोष करतात.

आंबाड्याचे झाड कोरड्या दिवसांत पाने गाळून उघडे होते आणि पावसाच्या आगेमागे पुन्हा भरते. झाडच उघडे असताना या भुंगेऱ्याला वर काही काम नसते. तो जमिनीखाली असतो. म्हणजे फेब्रुवारीतल्या यादीत पोडोन्शियाचे नाव नाही याचा अर्थ तो बागेतून गेला असा होत नाही, तर तो आपल्या पायाखाली, दोन वीत मातीआड आहे असा होतो. श्रावणात एखाद्या वर्षी एका आंबाड्याची एक बाजू पूर्ण चाळणी झालेली मी पाहिली आहे, आणि तरीही त्याच झाडाने चतुर्थीच्या सासव या पदार्थासाठी पुरेसे आंबाडे दिले. जुने झाड हे सोसते. नव्याने लावलेले, कमरेएवढे रोप मात्र याच हल्ल्यात मरू शकते, आणि तिथे अळ्या हाताने वेचणे हाच मला योग्य उपाय वाटतो.

याच दिवसांत कुंपणाकडे लक्ष दिले तर यादी झपाट्याने वाढते. रताळ्याच्या आणि रानवेलींच्या, म्हणजे आयपोमिया वंशातल्या पानांवर कासवभुंगेरे येतात. त्यांच्या पाठीचे कवच चहूबाजूंनी पसरलेले आणि कडेला पारदर्शक असते, त्यामुळे डोके आणि पाय त्याखाली पूर्ण झाकले जातात. ॲस्पिडिमॉर्फा मिलियारिस ही फिकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची जात भारतात सर्वत्र आढळते. तिच्या अळ्या घोळक्याने एकाच पानावर खातात. याच वंशातल्या दुसऱ्या काही जाती जिवंतपणी सोन्यासारख्या झळकतात. ही झळाळी रंगद्रव्याची नसते. कवचातल्या पातळ थरांमध्ये असलेल्या ओलाव्यामुळे प्रकाश तसा परावर्तित होतो. किडा मेला आणि कवच सुकले की सोने जाऊन मळकट तपकिरी रंग उरतो. म्हणून कासवभुंगेऱ्यांची ओळख पटवायची असेल तर तो जिवंत असताना, पानावरच छायाचित्र घेणे आवश्यक आहे.

ओलसर पाटाकडेला केना या तणावर लेमा वंशातले लांबट, चकचकीत भुंगेरे मिळतात. करांद्याच्या वेलीवर त्यांचे जवळचे नातेवाईक लिलिओसेरिस येतात. या वंशातल्या एका आशियाई जातीला अमेरिकेत फार मोठे काम मिळाले आहे: फ्लोरिडात करांद्याची वेल परदेशी तण होऊन जंगलांवर पसरली, तिला आवरण्यासाठी लिलिओसेरिस चेनी हा भुंगेरा २०११ च्या अखेरीपासून तिथे सोडण्यात आला. इथे कुंपणावर आपण ज्याच्याकडे पाहतही नाही असा एक वेलखाऊ किडा दुसऱ्या खंडात इतका उपयोगी ठरतो, याचे एकमेव कारण त्याचा चोखंदळपणा. करांदा सोडून तो दुसरे काही खाणार नाही, याची खात्री पटल्याशिवाय त्याला सोडण्याची परवानगी मिळालीच नसती.

असाच उलटा प्रवास करून आपल्याकडे आलेला पानभुंगेरा म्हणजे झायगोग्रॅमा बायकलोराटा, शेतकऱ्यांच्या भाषेत मेक्सिकन भुंगेरा. गाजरगवत आवरण्यासाठी १९८३ साली तो मेक्सिकोहून बंगळुरूला आणला गेला आणि पुढच्या वर्षी मोकळ्यावर सोडण्यात आला. फिकट पाठीवर गडद तपकिरी उभ्या नागमोडी रेघा, ही त्याची खूण. आमच्याकडे रस्त्याच्या कामासाठी भरावाची माती पडली तिथे गाजरगवत उगवले आहे. पाऊस स्थिरावला की हे भुंगेरे त्यावर दिसावेत, आणि थंडी सुरू झाली की त्यांनी मातीत शिरून सुप्तावस्थेत जावे, असा त्यांचा वर्षक्रम आहे. याची नोंद फळबागेच्या यादीत करावी की नाही, यावर मतभेद होऊ शकतो. मी करतो, पण समोर गाजरगवत असे स्पष्ट लिहितो, म्हणजे उद्या कोणी त्याला काजूची कीड समजणार नाही.

इथवर वाचून वाचकांच्या लक्षात आले असेल की जून ते सप्टेंबर या काळातल्या यादीत फळझाडांची नावे फारच थोडी आली. आंबाडा सोडला तर बहुतेक भुंगेरे भाजीच्या वेलींचे, कुंपणाचे आणि तणाचे आहेत. ‘फळबागेतील पानभुंगेरे’ असे शीर्षक देऊन नुसती संख्या छापली, तर वाचणारा बागायतदार त्या सर्वांना फळझाडांचे शत्रू समजतो आणि फवारणीचा पंप बाहेर काढतो. झाडाच्या नावाशिवाय केलेल्या नोंदीतून होणारे हे सर्वांत मोठे नुकसान आहे.

दुसरा मुद्दा विविधता मोजण्याचा आहे. समजा, एका महिन्यात शंभर भुंगेरे मोजले आणि त्यांत पाच जाती निघाल्या, पण शंभरांतले ९६ एकाच जातीचे आणि उरलेल्या चार जातींचा प्रत्येकी एक. दुसऱ्या महिन्यातही शंभर भुंगेरे आणि पाचच जाती, पण प्रत्येक जातीचे वीस. नुसत्या जाती मोजल्या तर दोन्ही महिने सारखे ठरतात. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली संदेशवहनाच्या अभ्यासात मांडलेले, जातींची संख्या आणि त्यांची वाटणी दोन्ही धरणारे माप जीवशास्त्रज्ञ यासाठी वापरतात. त्या सूत्राने पहिल्या महिन्याची विविधता सुमारे ०.२२ येते आणि दुसऱ्याची १.६१. तांबड्या भुंगेऱ्यांची झुंबड उडालेला जुलै अनेकदा पहिल्या उदाहरणासारखा असतो: किडे पुष्कळ, पण एकाच जातीचा वरचष्मा. माझ्या पाहणीत कुळागराच्या कडेला जातींची वाटणी अधिक समतोल दिसते ती पाऊस ओसरताना, भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, जेव्हा पावसाळी तणे अजून हिरवी असतात आणि झाडांच्या नव्या पालवीलाही सुरुवात झालेली असते. पावसाळ्यात किडे जास्त, हे विधान संख्येपुरते खरे ठरते. विविधतेबद्दल ते आपोआप खरे मानता येत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात डोंगरीवरच्या काजूला आणि आंब्याला तांबूस, लुसलुशीत पालवी येते, आणि आता पहिल्यांदा भुंगेरे खऱ्या अर्थाने फळझाडांवर चढतात. काजूच्या कोवळ्या पानांवर मोनोलेप्टा वंशातले छोटे भुंगेरे थव्याने बसतात आणि पानांना बारीक भोके पाडतात. कोवळ्या पानात पाणी आणि नत्र अधिक, तंतू कमी, म्हणून हा ओढा. तेच पान दोन-तीन आठवड्यांत जून होऊन चिवट झाले की थवा निघून जातो. चाळणी झालेल्या पानांची ती फांदी पाहून बागायतदाराला काळजी वाटते, पण तोवर खाणारा तिथे उरलेलाही नसतो.

पालवीचा हा संबंध किती घट्ट आहे याचा पुरावा गोव्याबाहेर, नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत मिळतो. तिथला उडद्या, म्हणजे स्केलोडोंटा स्ट्रिगिकोलिस, हाही पानभुंगेराच. द्राक्षाची छाटणी एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये होते, आणि छाटणीनंतर डोळे फुटू लागले की उडद्या ते कोवळे डोळे खातो. तिथे पालवीची वेळ माणूस कात्रीने ठरवतो आणि किड्याचा उपद्रवही त्याच वेळापत्रकाने सरकतो. पाऊस हेच मूळ कारण असते तर असे घडले नसते.

फेब्रुवारीनंतर डोंगरीवरची यादी रोडावते. गवत वाळते, वेली सुकतात, आंबाडा उघडा पडतो. कुळागरात पाटाच्या कडेला थोडे पिसूभुंगेरे आणि लेमा टिकून राहतात, आणि त्या ओल्या पट्ट्याचे मोल याच महिन्यांत कळते. मात्र या कुळाचा एक गट उन्हाळ्यात घरात सापडतो. कडधान्याचे आणि बियांचे भुंगेरे पूर्वी वेगळे कुळ मानले जात. आता त्यांना पानभुंगेऱ्यांच्याच कुळातले उपकुळ मानतात. त्यामुळे चिंचोक्याला भोक पाडून बाहेर येणारा कॅरिडॉन आणि अळसांद्यांच्या (चवळीसारख्या कडधान्याच्या) डब्यात सापडणारा कॅलोसोब्रुकस हे दोन्ही या यादीत बसतात. पुरुमेंतासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीसाठी, चिंच वाळत घातलेली असताना अंगणातच एक नोंद करता येते.

जातीचे नाव निश्चित करणे हे या कामातले सर्वांत अवघड अंग आहे. भारतीय पानभुंगेऱ्यांसाठी आजही ब्रिटिशकालीन ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालिकेतल्या खंडांचा आधार घ्यावा लागतो: मार्टिन जेकोबी यांचा १९०८ चा, आणि समरेंद्र मौलिक यांचे १९१९, १९२६ आणि १९३६ चे. पिसूभुंगेऱ्याच्या मागच्या मांडीत उडीसाठी जी स्प्रिंगसारखी रचना असते, तिला याच मौलिकांचे नाव आहे. हे खंड पूज्य आहेत, पण त्यानंतर कितीतरी नावे बदलली आहेत, आणि अनेक जाती नरांच्या जननेंद्रियांची तपासणी केल्याशिवाय वेगळ्या ओळखता येत नाहीत. अशा वेळी ‘मोनोलेप्टा, जात १’ असे लिहून छायाचित्र आणि नमुना जपून ठेवणे प्रामाणिकपणाचे आहे. छायाचित्रावरून अंदाजाने लावलेले पूर्ण नाव पुढे वर्षानुवर्षे याद्यांतून फिरत राहते आणि ते काढून टाकणे कठीण होते.

शेवटी माणसाच्या हाताबद्दल, कारण बागेतला ऋतू काही अंशी तोही घडवतो. काजूवरच्या ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीसाठी पालवीच्या, मोहराच्या आणि फळधारणेच्या वेळी फवारणी करतात. ज्या भाटात (बागायतीत) ती होते तिथे मोनोलेप्टाची संख्या नोव्हेंबरात एकदम घसरलेली दिसेल, आणि नोंदवहीत फवारणीची तारीख नसेल तर ती घसरण थंडीच्या नावावर लिहिली जाईल. गवत कापणीचेही तसेच आहे. काजू वेचणे सोपे जावे आणि वणवा लागू नये म्हणून पाऊस संपल्यावर डोंगरी साफ करावीच लागते, त्याला पर्याय नाही; पण एका दिवसात सगळे कापले की केना, रानवेली आणि त्यांवरच्या अळ्या एकदमच जातात, आणि अळ्या खाऊन जगणारे परभक्षी ढेकूण व कोळीही उपाशी पडतात. आम्ही आता डोंगरी दोन भागांत, पंधरवड्याच्या अंतराने साफ करतो, पाटाची कड आणि मागचे कुंपण न कापता ठेवतो, आणि नोंदवहीत तारीख, झाडाचे नाव, पानाची अवस्था कोवळी की जून, या रकान्यांच्या शेजारी कापणीच्या आणि फवारणीच्या तारखांचाही रकाना आखला आहे. ज्यांच्याकडे भाट किंवा परसबाग आहे त्यांनी एवढे रकाने आखून एका आंबाड्यापासून किंवा एका तवशाच्या वेलीपासून सुरुवात केली, तर डिचोलीतली, सांग्यातली आणि काणकोणातली पालवी एकाच आठवड्यात फुटते की नाही, आणि भुंगेरे तिच्यामागून किती दिवसांनी येतात, हे ताडून पाहता येईल.